खुब्याचं ऑपरेशन, लघवीची नळी आणि तेरा दिवस: नाशिकच्या एका हॉस्पिटलचा रिव्ह्यू (साडेतीन स्टार)

आधीच सांगते, हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही. आईंचं म्हणजे माझ्या सासूबाईंचं फॉलोअप अजून तिथेच चालू आहे, आणि खाली कौतुकही आहे आणि तक्रारही आहे, उगाच कोणाशी भांडण नको. मध्यम साईजचं आहे, शंभरच्या आतबाहेर बेड, नाशिकमध्येच. ओळखणारे ओळखतील, नाही ओळखलं तरी बिघडत नाही, कारण यातलं बरंचसं तुम्ही कुठल्याही हॉस्पिटलात जाऊन बघू शकता.

डिसेंबरात निफाडकडे थंडी कशी पडते ते वेगळं सांगायला नको. आई मोरीत पाय घसरून पडल्या, बुधवारी संध्याकाळी. वय ७४, शुगर आहे. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून लगेच सांगितलं की खुबा मोडलाय, नाशिकला न्या आणि शक्यतो एकदोन दिवसात ऑपरेशन होऊ द्या, या वयात झोपून ठेवणं जास्त वाईट. पहाटे गाडी काढली, नाशिकच्या द्वारका चौकात अडकलो ते अडकलोच, आई मागच्या सीटवर कण्हतायत आणि पुढे टेम्पोवाले एकमेकांना हॉर्न देतायत. असो.

पहिल्यांदा ज्या हॉस्पिटलात गेलो ते वेगळं. लॉबी बघून हे म्हणाले की हॉटेल आहे का काय. तिथे एक टाय लावलेला मुलगा पॅकेज समजावून सांगत होता, मी त्याला विचारलं की तुमच्याकडे ऑपरेशननंतर इन्फेक्शन किती जणांना होतं, तर तो हसून म्हणाला, मॅडम आमच्याकडे इन्फेक्शन झिरो.

आता माझं काम काय ते सांगते म्हणजे कळेल मी का उठले तिथून. मी द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटी बघते, सीझनला दीडशे बायका माझ्या हाताखाली असतात. माल युरोपला जातो. एखादा शेतकरी म्हणाला ना की ताई माझ्या मालात रिजेक्शन झिरो, तर त्याच्या क्रेट मी दोनदा बघते. कारण ज्याने मोजलंय तो कधी झिरो म्हणत नाही, तो म्हणतो मागच्या वेळी क्रॅकिंगमुळे, म्हणजे मणी तडकून, एवढं गेलं, यावेळी एवढं जाईल. झिरो म्हणणारा मोजत नसतो. हे माझं पंधरा वर्षांचं मत आहे आणि ते हॉस्पिटलला लागू होईल असं मला तेव्हा नुसतं वाटलं होतं, आता खात्री आहे.

दुसऱ्या हॉस्पिटलात, म्हणजे ज्याचा हा रिव्ह्यू आहे तिथे, रिसेप्शनच्या मुलीला तोच प्रश्न विचारला तर तिला काहीच माहीत नव्हतं, पण तिने फोन लावला आणि दहा मिनिटांनी एक सिस्टर खाली आल्या, चाळिशीच्या असतील, गळ्यात कार्ड, इन्फेक्शन कंट्रोल नर्स. अशी पोस्ट असते हे मला तेव्हाच कळलं. त्या म्हणाल्या, गेल्या महिन्यात ऑपरेशनच्या जखमेचं एक झालं आणि लघवीच्या नळीची दोन. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे हिच्या नादाने आपण हे कुठे आलो असं. मी म्हटलं, ॲडमिट करा.

लॉबीत एनएबीएचचं, म्हणजे हॉस्पिटलचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं, सर्टिफिकेट लावलेलं होतं. ते सगळेच लावतात म्हणून सांगते, त्यात एन्ट्री लेव्हल असते आणि फुल ॲक्रेडिटेशन असतं, दोन्हीला फ्रेम सारखीच सोनेरी, तेव्हा जवळ जाऊन वाचा आणि तारीखही बघा. सरकारी हॉस्पिटलांसाठी २०१५ पासून कायाकल्प म्हणून वेगळी योजना आहे, स्वच्छतेला आणि इन्फेक्शन कंट्रोलला मार्क देतात, बक्षीस देतात. म्हणजे सरकारी तेवढं घाण आणि प्रायव्हेट तेवढं चकाचक असा सरळ हिशोब करू नका. चकाचक फरशीने इन्फेक्शन थांबत नाही, ते बहुतेक वेळा हातावरून जातं, आणि हात फरशीसारखे चमकत नाहीत म्हणून कोणी बघत नाही.

ऑपरेशनच्या आधीची तयारी मात्र एक नंबर. पाच स्टार. गुरुवारी आल्याआल्या रक्त, लघवी, शुगर सगळं तपासलं, लघवीचा रिपोर्ट नॉर्मल आला. हा रिपोर्ट लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे. आईंना उठताच येत नव्हतं, कूस बदलायची म्हटली तरी ओरडायच्या, म्हणून रात्री लघवीची नळी घातली, त्याबद्दल माझी तक्रार नाही, गरज होती. मग औषधी लिक्विडने अंग पुसून काढलं, गुलाबी रंगाचं असतं ते, क्लोरहेक्झिडिन. मला वाटलं आता न्हाव्यासारखं ब्लेड घेऊन येतील, माझ्या माहेरी वडिलांच्या वेळी तसंच झालं होतं, पण ब्रदरने छोटं क्लिपर आणलं, ट्रिमरसारखं. म्हणाला ब्लेडने कातडीला बारीक बारीक कापल्यासारखं होतं, डोळ्याला दिसत नाही पण जंतूंना तेवढं पुरतं. आणि ॲंटिबायोटिकचं इंजेक्शन वॉर्डात नाही दिलं, ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नेल्यावर दिलं, कारण ते चिरा द्यायच्या आधीच्या तासाभरात जायला पाहिजे, सकाळीच देऊन ठेवलं आणि नंबर दुपारी लागला तर उपयोग कमी. एवढं सगळं मला कोणी आपणहून समजावलं असं नाही हां, मीच विचारत होते, पण विचारल्यावर कोणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत.

शुक्रवारी ऑपरेशन झालं, खुब्याचा बॉल बदलला. शनिवारी सकाळी फिजिओच्या मुलीने आईंना वॉकर धरून उभं केलं. चार पावलं. आई म्हणाल्या, पुरे गं बाई. त्याच राऊंडला डॉक्टरांनी फाईलवर लिहिलं की उद्या सकाळी नळी काढा.

इथपर्यंत छान आणि आता गाडी घसरते.

रविवारी फिजिओ नसतो. ड्युटीवरच्या सिस्टर म्हणाल्या की नळी काढली तर आजींना बाथरूमला नेणार कोण, आज स्टाफ कमी आहे, उद्या बघू. मला पण बरंच वाटलं खरं सांगायचं तर, रात्रभर पॉट द्यायची वेळ नको. सोमवारी ऑपरेशनचा दिवस, सगळे ओटीत, राऊंड उशिरा झाला आणि फाईलवर जुनी ऑर्डर तशीच, कोणी विचारलं नाही, मीही नाही. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता आईंना हुडहुडी भरली, दोन ब्लँकेट टाकली तरी दात वाजत होते, ताप १०२. मी आधी जखमच उघडून बघायला निघाले होते, नवीन बॉल बसवलाय त्याला काही झालं तर काय या भीतीने माझे हातपाय गार. पण जखम कोरडी होती. गढूळ होती ती लघवी, पिशवीत तळाला साका दिसत होता.

हे नंतर वाचलं आणि सिस्टरांनीही सांगितलं, नळी आत असेल तर लघवीत जंतू शिरायची शक्यता दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के. दर दिवसाला! म्हणजे रविवार, सोमवार, मंगळवार असे तीन दिवस आम्ही फुकट जुगार खेळलो. या प्रकाराला ते लोक कॉटी म्हणतात, नळीमुळे झालेलं लघवीचं इन्फेक्शन. दवाखान्यात होणाऱ्या इन्फेक्शनमध्ये जे चार प्रकार जगभर मोजतात त्यातला हा एक, बाकीचे म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या लाईनचं रक्तातलं इन्फेक्शन, व्हेंटिलेटरवर होणारा न्यूमोनिया आणि ऑपरेशनच्या जखमेचं. नळीचं त्यातल्या त्यात टाळता येण्यासारखं, कारण टाळायचा उपाय काय तर नळी वेळेवर काढा. मशीन नाही औषध नाही खर्च नाही. काढा.

त्या रात्रीचा एक प्रसंग सांगते. कल्चरला, म्हणजे जंतू कुठला ते तपासायला, लघवी पाठवायची होती, नाईटचा ब्रदर, अगदी पोरगेलासा, बिचारा सरळ पिशवीचा खालचा कॉक उघडून बाटली धरायला लागला. तेवढ्यात मागून सिनियर सिस्टर आल्या, त्याचा हात धरला असं नाही पण जवळजवळ तसंच, म्हणाल्या पिशवीत साठलेलं घेऊन काय करतोस, त्यात तर कधीपासूनचं वाढत बसलंय. मग हात धुऊन, ग्लोव्ह घालून, नळीवर जे छोटं पोर्ट असतं ते स्पिरिटने चांगलं घासून, सिरिंजने तिथून सॅम्पल काढलं. मग नळी काढली. दोन मिनिटांचं काम. जे रविवारी करायचं होतं.

बुधवारी सकाळी, म्हणजे ज्या दिवशी आम्हाला घरी सोडणार होते त्या दिवशी, त्या इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर परत आल्या, हातात रजिस्टर. मला वाटलं आता सांगणार, वय आहे, शुगर आहे, बायकांना होतंच. आजपर्यंत प्रत्येक ठिकाणी हेच ऐकलंय. त्या स्टुलावर बसल्या, फाईलमधला गुरुवारचा लघवीचा रिपोर्ट काढला आणि म्हणाल्या, येताना क्लीन होती, ॲडमिट होऊन ४८ तासांच्या वर झालेत, नळी सहाव्या दिवसापर्यंत होती. हे तुमच्या घरून आलेलं नाही ताई, आमच्याकडे झालंय.

मी रागवायचं ठरवून बसले होते, तो राग तिथेच अर्धा झाला. माझ्याकडे कंटेनर रिजेक्ट होतो तेव्हा पहिले तीन दिवस हेच चालतं, शेतकरी म्हणतो ट्रान्सपोर्टवाल्याची चूक, तो म्हणतो कोल्ड स्टोरेजची, आणि कोल्ड स्टोरेजवाला म्हणतो माल आला तेव्हाच तसा होता. इथे कोणी न विचारता एक बाई येऊन सांगतेय की आमच्याकडे झालं.

मग त्यांनी रजिस्टर दाखवलं (नावं झाकून). रोज सकाळी त्या प्रत्येक वॉर्डात जाऊन मोजतात की आज किती पेशंटना नळी आहे, किती जणांना मोठी लाईन, किती जण व्हेंटिलेटरवर. याला डिव्हाइस डे म्हणतात. समजा महिन्यात ६० पेशंटना सरासरी ५ दिवस नळी राहिली तर झाले ३०० दिवस, त्यात एकाला इन्फेक्शन झालं तर हजार दिवसांमागे ३.३. मी म्हटलं हे तर आमच्या हजार पेट्यांमागे रिजेक्शनसारखंच झालं, त्या हसल्या. नुसतं 'दोन झाली' म्हणून काही कळत नाही, कितीपैकी दोन ते पाहिजे, नाहीतर ज्या हॉस्पिटलात पेशंटच नाहीत ते सगळ्यात चांगलं ठरेल. आणि रेट वाढला की त्यांची कमिटी बसते, मायक्रोबायोलॉजीच्या डॉक्टर असतात त्यात, का वाढला ते शोधतात. आमची केस त्यात जाणार, रविवारी नळी न काढण्यासकट, असं त्या म्हणाल्या. गेली का नाही ते मला कळायला मार्ग नाही, पण शेवटच्या दोन दिवसांत प्रत्येक फाईलवर नळीच्या पेशंटसाठी लाल स्टिकर दिसायला लागला होता, 'आज गरज आहे का?' असं लिहिलेला. आधी नव्हता. मी बघितलंय.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा रिपोर्ट आहे, त्यात म्हटलंय की ॲडमिट होणाऱ्या दर १०० पेशंटमागे श्रीमंत देशांत ७ आणि आपल्यासारख्या देशांत १५ जणांना हॉस्पिटलमध्येच कुठलं तरी इन्फेक्शन लागतं, आणि ज्यांना लागतं त्यातला सरासरी दहातला एक दगावतो. आईंच्या वॉर्डात सोळा बेड होते. मी उगाच मोजत बसले होते रात्री. आणि त्या टायवाल्या मुलाचा झिरो आठवला.

आता हातांबद्दल. प्रत्येक बेडच्या पायाशी सॅनिटायझरची बाटली अडकवलेली आहे, भिंतीवर मराठीत पोस्टर आहे, हात कधी साफ करायचे त्या पाच वेळांचं. पेशंटला हात लावायच्या आधी, सुई नळी असलं काही करायच्या आधी, रक्त लघवी वगैरे लागल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि शेवटची वेळ कोणालाच माहीत नसते, नुसतं पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावला तरी. म्हणजे कॉट, सलाईनचा स्टँड, टेबल. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद, साबणपाणी असेल तर ४० ते ६० सेकंद. मी दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी दुपारी रिकामीच होते तर मोजलं, तीन तासांत आईंपाशी चौदा वेळा कोणी ना कोणी आलं, नऊ वेळा हात साफ केले. सिस्टर लोक बहुतेक सगळ्या. फिजिओची मुलगी प्रत्येक वेळी. नाही केलं ते कोणी, तर एक मोठे डॉक्टर (मोबाईल खिशात टाकून तोच हात सरळ जखमेच्या पट्टीवर), एक्स-रेवाला, आणि तो नाईटचा ब्रदर, त्या दिवशी दुपारच्या ड्युटीला होता तो. चौदातले नऊ म्हणजे माझ्या पॅकहाऊसला ऑडिटरने कुलूप लावलं असतं. आमच्याकडे बाई आत येताना पायाने चालणाऱ्या नळावर हात धुते, जाळी, ॲप्रन, बांगड्या बाहेर काढून, मंगळसूत्र आत, नखं मी स्वतः बघते, आणि पाचशे ग्रॅमच्या पनेटवर, म्हणजे द्राक्षाच्या डबीवर, कोड असा की कुठल्या गावातल्या कुठल्या प्लॉटचा माल आहे ते ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाईन नोंदीत, निघतं. हे सगळं कशासाठी, तर तिकडे कोणीतरी ती द्राक्षं खाणार आहे. आणि इथे मोठ्या डॉक्टरांच्या मनगटावर घड्याळ आणि त्र्यंबकचा लाल धागा, ओला झालेला, बाहीच्या बाहेर लोंबतोय. श्रद्धा माझीही आहे हो. पण तो धागा कधी उकळून काढतात का?

बरं आपलं पण सांगते, नाहीतर म्हणाल ही फक्त दुसऱ्यांच्या चुका मोजते. सोमवारी एक्स-रेला नेताना वॉर्डबॉय मामांनी आईंना स्ट्रेचरवर घेतलं आणि पिशवी कुठे ठेवू म्हणून ह्यांनी ती आईंच्या पोटावर ठेवली. व्यवस्थित, सांडू नये म्हणून. सिस्टरांनी नंतर सांगितलं की पिशवी कायम ओटीपोटाच्या खालच्या लेव्हलला पाहिजे आणि जमिनीलाही टेकायला नको, वर धरली की पिशवीतली लघवी नळीतून परत आत जाते. परत आत! आम्ही तशाच अवस्थेत लिफ्टची वाट बघत दहा मिनिटं उभे होतो. मामांनाही माहीत नव्हतं, ह्यांनाही नाही. आणि रविवारी पिशवी भरली तर बेल वाजवून कोणी येईना म्हणून मीच रिकामी केली, शेजारच्या बेडची बाई जे भांडं वापरत होती त्याच भांड्यात, ग्लोव्ह न घालता. क्वालिटी सुपरवायझर! मला अजून लाज वाटते. यातल्या नक्की कशामुळे झालं ते कोणीच सांगू शकत नाही, तीन जादा दिवसांमुळे, का त्या दहा मिनिटांमुळे, का माझ्या भांड्यामुळे. पण ॲडमिट करताना अर्धा तास फक्त कॅशलेसचे फॉर्म समजावले, त्यातली दोन मिनिटं पिशवी कशी धरायची त्याला दिली असती तर. एक स्टार इथे कापलाय.

आणि पाहुणे. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडून अकरा जण आले, निफाडहून, पिंपळगावहून, नणंदेच्या सासरचे सिन्नरहून. पाससिस्टीम आहे पण वॉचमन ओळखीचा निघाला. सगळे आईंच्या बेडवर बसले, पायाचं माप घेतल्यासारखं पट्टीला हात लावून बघितलं, चिवडा निघाला. एक जाऊबाई नाक ओढत होत्या, सर्दी झालेली. मी कोणाला उठवू शकले नाही, सुनेने उठवायचं म्हणजे झालंच. शेवटी सिस्टरने येऊन सगळ्यांना बाहेर काढलं, त्या दिवशी तिचा राग आला होता, आज तिला साष्टांग नमस्कार.

कचऱ्याचे डबे चार रंगांचे होते आणि वापरत होते बऱ्यापैकी नीट. पिवळ्यात रक्ताची पट्टी, कापूस वगैरे, लाल डब्यात सलाईनचे सेट, नळ्या, पिशव्या, ग्लोव्ह असं प्लास्टिक, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात आणि काच निळ्यात. २०१६ च्या नियमांपासून हे सगळीकडे सक्तीचं आहे, पिशव्यांवर बारकोड पण असतो. घोळ कोण घालतं तर आपण, केळीची सालं पिवळ्या डब्यात. सफाईच्या मावशी रोज ओरडायच्या. मावशींचं काम बघण्यासारखं होतं, बाथरूमचा मॉप वेगळ्या रंगाचा आणि वॉर्डचा वेगळा, कोणी घाई केली तरी बदलायच्या नाहीत. एकदा शेजारच्या बेडखाली रक्त सांडलं तर लगेच फडकं नाही मारलं, आधी वर कागद टाकला, हायपोक्लोराइट ओतलं, आणि दहा मिनिटं कोणाला पाय ठेवू दिला नाही. औषधाला काम करायला वेळ द्या की, असं म्हणाल्या. पुढच्या वेळी त्या मोठ्या डॉक्टरांना मावशींकडे ट्रेनिंगला पाठवा.

सलाईनच्या सुईबद्दल एक राहिलं. हाताला जी व्हेनफ्लॉन लावतात ती पारदर्शक पट्टीखाली होती आणि पट्टीवर तारीख लिहिलेली, सिस्टर प्रत्येक शिफ्टला तिथे लाल झालंय का, दुखतंय का बघायच्या, आणि औषध सोडायच्या आधी तोंड स्पिरिटने घासायच्या. याला पैकीच्या पैकी. आईंचा हात तेरा दिवसांत एकदाही सुजला नाही.

शुक्रवारी कल्चरचा रिपोर्ट आला, ई. कोलाय नावाचे जंतू, एक लाखाच्या वर काउंट. खाली औषधांची यादी आणि पुढे आर आर आर एस आर. आर म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देत नाही, एस म्हणजे चालेल. एस फार थोडे होते. मला आमच्या बागा आठवल्या, द्राक्षावरच्या डाऊनी रोगाला तेच तेच औषध मारत राहिलं की काही वर्षांनी ते औषध म्हणजे नुसतं पाणी. डॉक्टरांनी आधी सुरू केलेलं बदलून रिपोर्टप्रमाणे इंजेक्शन लावलं, आधीचे दिवस धरून सात दिवसांचा कोर्स, त्या पायी आम्ही पुढच्या मंगळवारपर्यंत तिथे. घरी आई नाहीत, मुलांची परीक्षा, पॅकहाऊसला सीझनची तयारी, आणि मी स्टुलावर.

बिलाच्या वेळी विचारलं की तुम्हीच म्हणालात तुमच्याकडे झालं, मग जादा सहा दिवसांचं काय. बराच वेळ वरखाली फिरवलं, शेवटी रूमचं भाडं सोडलं पण इंजेक्शनचे पैसे लावले, ते मेडिक्लेममधून बहुतेक सुटले. मला हे अर्धवट वाटलं. चूक मान्य करायला सिस्टर पाठवता तर बिलात पण सगळी मान्य करा ना. अर्धा स्टार इथे. कँटीन ठीक, पोहे चांगले, मिसळीला तर्री नाही त्यामुळे तिला मिसळ म्हणू नये. पार्किंगचं बोलायलाच नको.

कोणी आपल्या माणसाला ॲडमिट करणार असेल तर माझं ऐका, पॅकेजबरोबर हे पण विचारा की इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर आहे का आणि ती कुठे बसते, आणि आकडा सांगितला तर घाबरू नका, नाही सांगितला तर विचार करा. नळी असेल तर रोज राऊंडला एकच प्रश्न, आज काढता येईल का. रोज विचारा, डॉक्टर वैतागले तरी. आणि हात साफ न करता कोणी आलं तर मी शेवटी शेवटी नुसती बाटली पुढे करायचे, काही बोलायचे नाही, हळदीकुंकवाला अत्तर लावतात तशी. एकही जण नाही म्हणाला नाही. मोठ्या डॉक्टरांनीही घेतलं, थोडे ओशाळले.

घरी सोडल्यावर मला वाटलं संपला संबंध. तर तिसाव्या दिवशी त्याच सिस्टरांचा फोन, जखमेतून पाणी येतं का, लाल आहे का, ताप आला का, दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला दाखवलं का. म्हणाल्या आत काही बसवलेलं असलं की आम्ही ९० दिवस मोजतो, तेव्हा परत करेन. मी म्हटलं बघू. आणि परवा केला त्यांनी, मी पॅकहाऊसला होते, भर सीझन, कंटेनर लागलेला, तर फोन घरी आईंनी घेतला. संध्याकाळी मला सांगत होत्या की मी तिला म्हटलं, जखम बरी आहे, वॉकर सोडला, आता काठीवर आहे, पण तुमचा तो रात्रीचा पोरगा हात धुतो का गं आता? तर ती म्हणाली, आजी, त्याला आता तेच मोजायच्या ड्युटीला लावलंय.